फळ्यावरचे सव्वासहा

१

संघपाल खिल्लारे सापडला तेव्हा त्याच्या पाठीवर हवेचं सिलेंडर होतं, तोंडावर मास्क होता आणि दोन्ही हातांची नखं तुटलेली होती.

पहिल्या दोन गोष्टी पाहून लोक म्हणाले, अपघात. नखं पाहिल्यावर मात्र सगळ्यांचीच तोंडं बंद झाली.

मालेगावहून वाशीमकडे निघालं की डाव्या हाताला रणधीर अग्निसुरक्षा प्रशिक्षण केंद्र लागतं. माजी सैनिकांना तिथं नाममात्र फी आहे. प्रमाणपत्राला वीस क्रेडिट लागतात. त्यातले आठ फौजेतल्या नोकरीचे आयते धरतात, उरलेले बारा प्रॅक्टिकलचे. हा कागद हाती आला की अग्निशमन दलात माजी सैनिकासाठी राखलेल्या जागेवर अर्ज करता येतो. ऐन तारुण्य बर्फात आणि वाळूत घालवून चाळिशीला घरी आलेल्या माणसाला नाहीतर विचारतं कोण? 'जयहिंद साहेब' म्हणायचं आणि एटीएमच्या दारात स्टुलावर बसवायचं, एवढाच आपला देशाभिमान. जाऊ द्या, माझं तोंड सुटलं की आवरत नाही.

केंद्राच्या मागं धुराची खोली आहे. विटांची, बिनखिडकीची, लोखंडी दाराची. कडी फक्त बाहेरून. आत एका ड्रमात सोयाबीनचं ओलं कुटार, म्हणजे भुसकट, धुमसत ठेवतात आणि शिकणाऱ्यानं मास्क लावून त्या धुरात काम करायचं. आत जाताना आपल्या नावाचा बिल्ला बाहेरच्या फळ्याला अडकवायचा आणि बाजूला खडूनं वेळ लिहायची, म्हणजे कोण आत आहे ते बाहेरच्याला कळतं. गुरुवारी सकाळी पावणेसातला गोपाल उमाळे तिथं पोचला. फळ्यावर संघपालचा बिल्ला होता आणि बाजूला सव्वासहा लिहिलेलं होतं. दाराची कडी उघडी होती. दाराच्या आत हातभर अंतरावर संघपाल पडलेला होता. सिलेंडर रिकामं होतं.

संघपालची बायको सरिता माझ्या चुलत भावाची पोरगी. मी बेबीताई. एकतीस वर्षं खाकी घालून जमादार म्हणून रिटायर झाली, म्हणून गावात मला अजून 'जमादारीणबाई' म्हणतात. त्याच संध्याकाळी संघपालच्या गावी, इंझोरीला, माती होती. त्रिसरण झालं. सरिता रडत नव्हती. नुसती त्याच्या गालावरून हात फिरवत होती.

"आत्या, पाय ना वं. टोचून राह्यलं. हे तर कधी अशे नाई राहत."

मी तिचा हात धरून तिला बाजूला केलं. दुःखात माणूस काहीही बोलतं, असं मला वाटलं. एकतीस वर्षांत मी काय शिकली होती कोणास ठाऊक.

२

शनिवारी सकाळी दाराची कडी वाजली. बाहेर आवडाबाई उभी होती. आवडाबाई माझी भाजीवाली. पंचवीस वर्षं तिच्या मळ्यातली वांगी मी खाल्ली आहेत. त्या दिवशी तिच्या डोक्यावर टोपली नव्हती.

"जमादारीनबाई, गोपालले काल सकायपासून ठाण्यात बसोलं. आज सांजच्याले अटक दाखोतो म्हंते."

गोपाल तिचा पोरगा. सतरा वर्षं फौजेत होता, केंद्राचं प्रमाणपत्र घेऊन आता मळा पाहून तिथंच पुढचा कोर्स करत होता.

"कायच्यावरून?"

"थो म्हने नंबर दोनवर होता, अन् हा मेला."

मी कपाळावर हात मारला. प्रकरण असं होतं. एका नगरपरिषदेच्या अग्निशमन दलात माजी सैनिकाची एकच जागा होती. निवड यादीत संघपाल पहिला, गोपाल दुसरा. सोमवारी कागदपत्रांची पडताळणी. संघपाल गेला म्हणजे गोपालचा सुंठीवाचून खोकला गेला, असा पोलिसांचा हिशेब. त्यात सव्वासहा ते पावणेसात या वेळात केंद्रावर दुसरं कोणी नव्हतं. नखं तुटेस्तोवर आतून दार वाजवणाऱ्या माणसाला बाहेरून कडी घालणारा कोणीतरी असणारच. मग तो गोपालच.

"सोमवारी हजर नाई झाला तं नोकरी गेली. पुढच्या साली त्याचं वय निंघते. नोकरी गेली तं गेली, बाई. पन पोरगं खुनी ठरलं तं शुभांगीनं कोनाच्या तोंडाकडं पाह्याचं?" शुभांगी तिची सून. सातवा महिना लागला होता.

खरं सांगते, माझ्या मनात पाल चुकचुकली होती. मेला तो माझा जावई. मारणारा कदाचित हिचा पोरगा. आणि मी कोणाच्या बाजूनं निघाली आहे?

"तुले काय वाटते, आवडे? केलं अशीन का त्यानं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "बाई, थो मले पुसल्याबिगर भेंडी नाई तोडत."

मी चपला घातल्या.

३

केंद्राचा मालक शालिग्राम लग्नाच्या मांडवातून सरळ पोलिसांच्या तावडीत सापडला होता. कपाळावर अक्षतांचं कुंकू तसंच, डोळे लाल.

"ताई, माह्या पोरीचं लगन होतं गुरुवारी, कारंज्याले. मंगळवारपासून मी तठीच होतो. बुधवारी हळद. केंद्राले सुट्टी दिली होती, सगळे कारंज्याले. संघपाल म्हने, मी राह्यतो, शुक्रवारी पुढच्या कोर्सची प्रॅक्टिकलची परीक्षा आहे, सराव करतो. गोपालले गुरुवारी सकायी सातले बलावलं होतं त्यानं."

"तुम्ही फौजेत होता का?"

"मी? मी खताच्या दुकानातून आलो, ताई. मले सावधान-विश्राम समजत नाई. फौजेचं सगळं गोविंदसिंग सर पाह्यतात. माजी सैनिकाईचे क्रेडिट फौजेतून आलेल्या, पंधरा वर्षं झालेल्या माणसाच्याच सहीनं चालतात. नियमच आहे तसा."

हळदीचा व्हिडिओ त्यानं मोबाईलवर दाखवला. बुधवारी चार वाजल्यापासून रात्रीपर्यंत बापडा प्रत्येक चित्रात पिवळा होऊन नाचत होता.

गोविंदसिंग सर ऑफिसात होते. ताठ कणा, कडक इस्त्री, पिकलेली कातरलेली दाढी. मला पाहून उठून उभे राहिले. अशा माणसाबद्दल आपोआप आदर वाटतो, मलाही वाटला.

"रिटायर झाल्यावर वाढवली," मी दाढीकडं पाहते आहे हे ओळखून ते हसले. "मास्क लावणं आता पोट्ट्याईचं काम."

"बुधवारी कुठं होता, सर?"

"सांजच्या साडेसातच्या एसटीनं कारंज्याले गेलो. गुरुवारी सकायी मांडवात होतो, दोनशे मानसाईनं पाह्यलं." मग आवाज खाली आणला. "संघपाल सोन्यासारखा मानूस. सकायी एकट्यानं सराव कराची सवय होती त्याले. गोपाल बी चांगला, ताई. पन गरज वाईट असते."

"तुमची पलटण कोणती, सर?"

"जुनं कायले उकरता? देशाची सेवा केली अन् इसरलो."

किती विनयशील माणूस, असं म्हणून मी बाहेर पडली. घरी जायच्या आधी सरिताला फोन केला. बुधवारी साडेपाचला ती संघपालशी बोलली होती. रोज रात्री आठला त्याचा फोन यायचा. त्या रात्री आला नाही. "वाटलं, अभ्यास करत अशीन," ती म्हणाली आणि फोनवरच फुटली.

आठ वाजता फोन न करणारा माणूस सकाळी सव्वासहाला फळ्यावर वेळ लिहितो? मला ते पटेना.

४

ठाणेदार वयानं माझ्या पोरासारखे. कधीकाळी माझ्या हाताखाली ट्रेनिंगला होते. दहा मिनिटं भेट दिली, वर चहा पाजला.

गोपाल बाकावर बसला होता. मला पाहून उठला आणि तोंडावर हात धरला.

"काहून रे? लाजतोस काय?"

"मावशी, एक काम करा. साहेबाईले सांगा अन् मले ब्लेड नाईतर न्हावी मिळवून द्या. आज दाढी नाई झाली. सतरा वर्षं फौजेत, अन् घरी येऊन तीन, एक दिस चुकली नाई. हे तोंड घेऊन मायसमोर कसा जाऊ?"

"अरे, इथं मानगूट फासात अडकून राह्यली अन् तुले दाढीची पडली?"

"फौजी मानूस चाहाच्या आधी दाढी करते, मावशी. त्यातून मास्क लावाचा असला तं पहिले गुळगुळीत. खुंट असले की मास्क बसत नाई, धूर आत येते. पहिल्या दिशी शिकोतात."

माझ्या हाताला एकदम इंझोरीचा तो गाल लागल्यासारखा झाला. टोचून राह्यलं, सरिता म्हणाली होती. हे तर कधी अशे नाई राहत.

"गोपाल, दार उघडलं तेव्हा खोलीत धूर किती होता?"

"धूर नव्हताच. वास होता, कडू. ड्रमात हात घातला तं राख. थंडी राख."

"पोलिसांना सांगितलं?"

"पुसलंच नाई कोनी."

चूल पेटवणारी कोणतीही बाई सांगेल, ड्रमभर ओलं कुटार अर्ध्या तासात थंडी राख होत नाही. रात्रभर धुमसावं लागतं. मेल्यावर दाढी वाढते असं लोक म्हणतात, तो निव्वळ भ्रम. त्या गालावर होते ते सकाळी केलेल्या दाढीचे संध्याकाळचे खुंट. म्हणजे गुरुवारची सकाळ संघपालनं पाहिलीच नव्हती. तो बुधवारी साडेपाच ते आठच्या मध्ये गेला, आणि फळ्यावरचे सव्वासहा दुसऱ्याच कोणाच्या हातचे होते.

त्या वेळात गोपाल कुठं होता हे मला कोणाला विचारायची गरज नव्हती. बुधवारच्या बाजारात दुपारपासून रात्री आठला बाजार उठेस्तोवर तो आईशेजारी पालावर बसला होता. साडेसहाला मी स्वतः त्याच्याशी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीवरून भांडली होती.

मी ठाणेदारांच्या खोलीत शिरली आणि म्हटलं, "साहेब, दोन माणसं बोलावून घ्या. आणि अटकेचा कागद जरा बाजूला ठेवा."

५

खोलीत आम्ही पाच जण होतो. ठाणेदार, शालिग्राम, गोविंदसिंग, गोपाल आणि मी. मी खुर्चीवर नीट मांडी ठोकून बसली. रिटायर झालेल्या माणसाला असे प्रसंग क्वचित मिळतात.

राख सांगितली. आठचा न आलेला फोन सांगितला. मग म्हणाली, "संघपालच्या गालावर खुंट होते. ज्यानं हा अपघात रचला, त्यानं दाढीचे खुंट असलेल्या माणसाला सकाळच्या सरावाचा मास्क चढवला. आता मला सांगा, सर, तुम्ही फौजेतले. यात काय चुकलं?"

गोविंदसिंगांनी खांदे उडवले. "काय चुकलं? घाई अशीन. एखाद्या दिशी राहून जाते दाढी."

मी गोपालकडं पाहिलं. तो आपल्या सरांकडं असा पाहत होता की जणू सरांनी भर परेडमध्ये लुंगी सोडली.

"साहेब," मी ठाणेदारांना म्हटलं, "हे रचणाऱ्याला घड्याळ समजत होतं, बिल्ला समजत होता, सिलेंडर कसं रिकामं करायचं ते समजत होतं. फक्त फौजी माणसाची सकाळ समजत नव्हती. मला आधी शालिग्रामचा वास आला. तो बिचारा खतवाला. पण तो मंगळवारपासून कारंज्यात. गोपाल फौजी, आणि त्या वेळी बाजारात. मग सांजच्या एसटीपर्यंत इथं उरतं कोण?"

"मी फौजी आहे," गोविंदसिंग ताडकन उठले. "सोळा वर्षं! हवालदार!"

"बसा, सर. गोपाल, तुझा नंबर काय?"

गोपाल उठला, टाचा जुळवल्या आणि एका दमात सात आकडे म्हणाला. शेवटी इंग्रजी अक्षर. झोपेतून उठवलं असतं तरी तसंच म्हणाला असता. फौजी बायकोचा वाढदिवस विसरतो, नंबर विसरत नाही.

"आता तुमचा, सर."

गोविंदसिंगांनी आकडे म्हटले. बरोबर सात. पाठ केलेले. म्हणून झाल्यावर विजयी मुद्रेनं माझ्याकडं पाहिलं.

"अन् अक्षर?" गोपालनं हळूच विचारलं.

"कायचं अक्षर?"

"सर... नंबरच्या शेवटचं अक्षर. त्याच्याबिगर नंबर पुरा होत नाई."

शालिग्रामनं केंद्राची फाईल उघडली. सहा वर्षांपूर्वी सरांनी दिलेल्या डिस्चार्ज बुकची प्रत त्यात होती. नंबर होता, अक्षर नव्हतं. ज्यानं कोणी ते बनवून दिलं त्यालाही ते माहीत नव्हतं, आणि खतवाल्या शालिग्रामला कुठून कळणार? संघपालला कळलं. परीक्षेचा फॉर्म भरताना सहीखालचा नंबर त्यानं पाहिला असणार.

गोविंदसिंगांची पाचावर धारण बसली. पाणी मागितलं. मिळालं. मग ते बोलायला लागले, आणि आता त्यांच्या आवाजात इस्त्री उरली नव्हती.

"थो मले धमकी नव्हता देऊन राह्यला. तसं केलं असतं तं बरं होतं. थो म्हने, सर, तुमी नकली असान तं आमचे सगळ्याईचे क्रेडिट नकली. चाळीस जनाईचे कागद तुमच्या सहीचे आहेत. कोनी नोकरीवर लागलं, कोनाचं लगन जुळलं. मी बोंब नाई मारत. तुमी गुपचूप रिटायर व्हा, खऱ्या सुभेदाराले आना, आमची परीक्षा पुन्यांदा घ्या, खऱ्या सह्या करा. शुक्रवारपर्यंत."

"मग?"

"मी म्हटलं, बराबर आहे तुहं. खोलीतला ड्रम पाहून घे, परीक्षेसाठी कुटार भरलं का. थो आत गेला." त्यांनी डोळे मिटले. "कुटार मी पहिलेच पेटोलं होतं. कडी घातली. थो 'सर, सर' म्हनून राह्यला होता. शेवटपर्यंत सरच म्हने."

सात वाजता त्यांनी दार उघडलं, सिलेंडर सोडून रिकामं केलं, त्याच्या पाठीवर चढवलं, फळ्यावर उद्याची वेळ लिहिली आणि साडेसातची एसटी धरली.

शालिग्राम हमसून रडायला लागला. मला त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली असती तर बरं झालं असतं, निदान हात तरी मोकळा झाला असता.

६

गोपाल त्याच संध्याकाळी सुटला. आवडाबाईनं माझ्या दारात येऊन पायांवर डोकं ठेवलं, मी तिला उठवून दोन शिव्या दिल्या.

सोमवारी तो धुतलेले कपडे घालून पडताळणीला गेला. मी सोबत होती. टेबलामागच्या बाबूनं त्याचं प्रमाणपत्र पाहिलं, सही पाहिली, आतल्या खोलीत जाऊन आला.

"हे चालत नाही. सही करणारा माजी सैनिक नाही, असं पोलिसांनीच कळवलं आहे. तुमचे बारा क्रेडिट रद्द."

"साहेब, पन मी शिकलो आहे नं. खोलीत टाका, मास्क लावून दाखोतो."

"दाखवून काय होते? कागद पाहिजे."

दुपारी भिंतीवर यादी लागली. माजी सैनिक, पदे एक. पुढं लिहिलं होतं: पात्र उमेदवार उपलब्ध नाही.

पंधरा दिवसांनी सगळ्यांना पत्रं गेली. मूळ प्रमाणपत्र आठ दिवसांत जमा करावे, अन्यथा कारवाई. असंच एक पत्र इंझोरीला गेलं, 'श्री. संघपाल खिल्लारे यांस'. सरिता ते घेऊन माझ्याकडे आली. आम्ही दोघी जमा करायला गेलो.

खिडकीसमोर रांग होती. बहुतेक सगळे चाळिशीचे. एक जण वाशीमच्या कारखान्यात सुरक्षेवर लागला होता, त्याला कालच काढलं होतं. एकाच्या पोरीचं जमलेलं लग्न अडलं होतं. मी कोण ते सगळ्यांना माहीत होतं. दोघांनी मान हलवून नमस्कार केला, एकानं तोंड फिरवलं. त्यानं फिरवलं ते मला जास्त बरोबर वाटलं.

गोपालनं सरिताला पुढं जाऊ दिलं. बाकीच्यांनीही वाट दिली.

खिडकीतला माणूस म्हणाला, "धारकाची सही लागते इथं. ते स्वतः कुठं आहेत?"

"मेले," सरिता म्हणाली.

"मग वारसाचा दाखला आणा, बाई. तोवर जमा होत नाही."

सरितानं कागद परत घेतला, चौघडी केली आणि पिशवीत टाकला. मी त्या माणसाला काहीतरी बोलणार होती. एकतीस वर्षं बोलत आली आहे, शब्दांची मला कधी वाण पडली नाही. त्या दिवशी पडली. ज्या चाळीस कागदांसाठी संघपाल त्या खोलीत गेला, ते कागद मीच बाद केले होते, आणि खुनी पकडायचा तर दुसरा रस्ता नव्हता.

"चाल आत्या," सरिता म्हणाली. "एसटी निंघून जाईन."

मागच्या माणसानं एक पाऊल पुढं सरकून आपला कागद खिडकीत ठेवला.